विनोदी बोलपटाचे मोल

इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजातील एका उधारीची गोष्ट त्या शहरात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. खांडव्याहून शिकावयास आलेल्या आभासकुमार गांगुली या विद्यार्थ्याकडे उपाहारगृहवाल्याचे पाच रुपये बारा आणे येणे होते. तो मागावयास आला की हा विद्यार्थी त्या रकमेलाच चाल लावून गात सुटे. हाच पुढे किशोरकुमार या नावाने विख्यात झाला. या गोष्टीत मीठमसाला किती हा प्रश्न वेगळा. परंतु १९५८ सालच्या 'चलती का नाम गाडी' या बोलपटात नेमकी हीच रक्कम एका गाण्याचा विषय झाली आहे, हे खरे.

सत्येन बोस यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट म्हणजे बव्हंशी घरचेच कार्य. अशोककुमार, अनुपकुमार व किशोरकुमार हे तिघे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच झाले. त्यांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज, मुंबईच्या रस्त्यांवरून धावणारी त्यांची खटारा मोटार, आणि पावसाळी रात्री गाडी दुरुस्त करून घेऊन पैसे न देताच निघून गेलेली तरुणी. ही भूमिका मधुबालेची. धाकटा भाऊ वसुलीस जातो आणि मन गमावून परततो, एवढेच कथाबीज.

प्रेक्षकांनी बोलपट डोक्यावर घेतला. तो पडावा अशीच किशोरकुमारांची अपेक्षा होती, अशीही आख्यायिका आहे! मात्र त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकांत बिमल रॉय यांच्या 'मधुमती'ने नऊ पारितोषिके मिळविली; 'चलती का नाम गाडी'च्या वाट्यास एकही आले नाही. 'मधुमती'ची योग्यता वादातीत आहे. परंतु विनोदी भूमिकेसाठी तेथे त्या काळी स्वतंत्र पारितोषिकच नव्हते. ते पहिल्याने १९६७ साली मेहमूद यांना मिळाले. तराजूत ज्याचे वजनच ठेवलेले नाही, ते मोजले जाणार कसे?

कथानकाची घट्ट वीण हीच कसोटी धरली, तर हा बोलपट उणा ठरेल. उत्तरार्धातील खलपुरुषांची कारस्थाने ओढूनताणून आणल्यासारखी वाटतात. पण विनोदाची वीण स्वभावांत असते. थोरल्याचा स्त्रीद्वेष, मधल्याचा भित्रेपणा व धाकट्याचा खट्याळपणा यांतील एक काढून घेतला, तर गाडी जागच्या जागी थांबेल. पावसाळी रात्रीच्या प्रसंगात गॅरेजमधील हत्यारांच्या खणखणाटातूनच गाण्याचा ताल उभा राहतो. असे प्रसंग सहजी सुचल्यासारखे वाटतात, म्हणूनच त्यांमागील मेहनत दिसत नाही. नुसता धांगडधिंगा पुरेसा नसतो, हे किशोरकुमारांच्याच १९७४ सालच्या 'बढती का नाम दाढी'ने दाखवून दिले. त्यास ती लोकप्रियता लाभली नाही.

अखेरची कसोटी काळाची. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चलनात आले; बोलपट पडद्यावर येईतो बारा आण्यांचे पंचाहत्तर नवे पैसे झालेही होते. आजच्या मुलास आणा ठाऊक नाही, तरी तो हसतो. कारण पैशासाठी हट्टाने भांडता भांडता स्वतःच हरणारा माणूस त्याच्या ओळखीचा असतो. विनोदाची परीक्षा करणाऱ्याने प्रथम हसावे, मग आपण का हसलो याचा शोध घ्यावा. हसू लपवून लिहिलेल्या परीक्षणात पाच रुपये बारा आण्यांची उधारी राहूनच जाते.