मोतिया की सोफिया?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मौद्याचा एक विद्यार्थी गवताचे दोन ठोंब मुळांसकट घेऊन आला. “सर, यातला चांगला रोशा कोणता?” मी पडलो पदार्थविज्ञानाचा माणूस! पण पाती चुरडून हुंगली, तेव्हा एकीला गुलाबासारखा गंध आला. दुसरीला नुसताच उग्र दर्प.

रोशा, म्हणजेच तिखाडी, हे आपल्या विदर्भ-खानदेशातले जुने गवत. त्याचे मोतिया व सोफिया हे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे. मोतियाच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग जिरॅनिऑल असते, सोफियाच्या तेलात पुष्कळच कमी. त्यामुळे भट्टीत सोफिया मिसळली की तेलाचा भाव उतरतो. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडचे हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई, आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई!

आता भट्टीकडे पाहू. जिरॅनिऑल सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते. मग वाफेच्या भट्टीतून ते १०० अंशांच्याही किंचित खाली कसे निघते? तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा बाष्पदाब स्वतंत्र राहतो. दोहोंची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोन्ही मिळून उकळतात.

मात्र भट्टी पातीत असेल तेवढेच बाहेर काढते. पातीत काय तयार व्हावे ते विकरे ठरवतात, आणि विकर कसे घडवायचे याची माहिती जनुकात असते. मग जनुकच बदलले तर?

अमेरिकेत २००१ साली महमूद व क्रोटो यांनी पेपरमिंटच्या झाडात हे केले. चव बिघडवणारे मेंथोफ्युरान बनवणारे जनुक त्यांनी दाबले. ते द्रव्य निम्म्याहून कमी झाले. दुसरे एक जनुक जोरात चालवले, तर तेल दीडपटीपर्यंत वाढले. इस्रायलमध्ये २००७ साली लिंबाच्या वासाच्या तुळशीतील जिरॅनिऑल घडवणारे जनुक टोमॅटोत घातले. टोमॅटोला गुलाबाचा वास आला, पण लाली उणावली. कारण उघड आहे: लाल रंग आणि सुगंध यांचा कच्चा माल एकच!

रोशाची अडचण आणखी वेगळी. त्याचे पराग वाऱ्यावर उडतात. शेतातला बदल माळावरच्या गवतातही जाऊ शकेल. परक्या जनुकाचे वाण सरकारी परवानगीशिवाय लावता येत नाही, ते योग्यच म्हणायचे. तूर्त शेतकऱ्याला शुद्ध मोतियाचे बी मिळाले तरी पुष्कळ.

ते दोन्ही ठोंब आम्ही महाविद्यालयाच्या आवारात लावले आहेत. सोफियाचे तुरे मात्र फुलण्याआधीच कापायचे ठरले आहे.