एसीचे पंक्चर

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे ‘आमच्या घरी एसी आहे’ असे सांगितले की वर्गमित्र हसतात. पण एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली ज्याला पडून राहावे लागते, त्याला महाबळेश्वर आठवत नाही. आमच्या आजोबांना दम्याचा विकार आहे. खिडकी उघडावी तर धूळ, लावून घ्यावी तर उकाडा. म्हणून वडिलांनी हप्त्यांवर एक टनाचा एसी घेतला.

गेल्या एप्रिलमध्ये हा एसी चालत होता, पण थंड करीत नव्हता. पंखा फिरे, दिवा लागे, विजेचे मीटर तर जोरात पळे. खोली मात्र तशीच. आजोबा उशीला टेकून रात्र रात्र बसून काढू लागले. कारागीर आला. पाच मिनिटांत म्हणाला, “ग्यास खाली झालाय बगा.” तीन हजार रुपये घेऊन त्याने गॅस भरला. पंधरा दिवस सुखाचे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! कारागीर पुन्हा गॅस भरायला निघाला, तेव्हा आजोबांनी विचारले, “पण आधीचा गेला कुठं?”

आजोबांचे शिक्षण सातवीपर्यंत. चाळीस वर्षे त्यांनी सायकलचे दुकान चालवले. ते मला म्हणाले, “ट्यूबमधली हवा उतरली तर आधी पंक्चर शोधायचं, मग हवा भरायची. तू भौतिकशास्त्र शिकतोस ना? मग हे तुला कसं सुचलं नाही?”

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. कार्नो चक्रावरचे गणित मी परीक्षेत सोडवले होते, गुणही मिळाले होते. पण ते चक्र आमच्याच भिंतीवर टांगलेले आहे हे ध्यानात आले नव्हते.

एसी थंडी ‘तयार’ करीत नाही. तो हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. ओझे वाहण्याचे काम नळ्यांतला गॅस करतो. आमच्या एसीतला आर-३२ हा गॅस नेहमीच्या हवेच्या दाबाला शून्याखाली सुमारे ५२ अंशांवर उकळतो. आतल्या नळ्यांत दाब कमी ठेवलेला असतो. तेथे द्रव उकळतो आणि त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता खोलीतल्या हवेतून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो. बाहेरच्या नळ्यांत तो उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट, या वेगाने ही वाहतूक चालते. या फेऱ्यात गॅस कोठेही जळत नाही. स्कूटरचे पेट्रोल संपते तसा तो संपत नाही. कमी झाला असेल तर गळालाच असला पाहिजे.

मात्र एसी थंड करीत नाही म्हणजे गॅसच कमी, असेही नव्हे. म्हणून मी क्रमाने तपासणी केली.

प्रथम रिमोट. तो ‘फॅन’वर असेल तर नुसता पंखा फिरतो. आमचा ‘कूल’वर, २४ अंशांवर होता. दुसरी जाळी, म्हणजे फिल्टर. ती धुळीने भरली की आतल्या नळ्यांवरून हवा कमी जाते, गारवा पोहोचत नाही आणि कधी नळ्यांवर बर्फही धरतो. जाळी पाण्याने धुऊन सावलीत वाळवली. तिसरे, बाहेरचे यंत्र. त्याच्या पत्र्यांत कचरा अडकला किंवा पुढे अडगळ असली तर उष्णता बाहेर जाणार कशी? त्याचा पंखा फिरत असूनही गरम हवा येत नसेल, तर कॉम्प्रेसर बंद असण्याचा संभव असतो. साध्या एसीत त्याचे कारण पुष्कळदा बिघडलेला कपॅसिटर असते. पण त्याला आपण हात लावू नये. वीज बंद केल्यावरही त्यात प्रभार राहतो आणि जबर धक्का बसू शकतो.

चौथी पायरी तापमापकाची. तो मी प्रयोगशाळेतून सरांकडून मागून आणला. एसी पंधरा मिनिटे चालल्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडावा. आमचा फरक होता ३. जाळी स्वच्छ असूनही बारीक नळीवर बर्फ धरला होता. गॅस कमी आहे हे नक्की झाले. म्हणजे पहिला कारागीर खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त अर्धेच सांगितले होते.

शेवटी गच्चीवरच्या यंत्राशी गेलो. नळी जेथे पितळी नटाने जोडली होती, तेथे तेलकट डाग दिसला आणि त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरते. गळतीच्या जागी ते पाझरते. दुसऱ्या कारागिराला बोलावले. त्याने साबणाचा फेस लावताच बुडबुडे आले. खुर्चीत बसलेले आजोबा म्हणाले, “हे बघ पंक्चर!”

त्याने नळीचे तोंड कापून नव्याने जोडले, पंपाने आतली हवा व बाष्प ओढून काढले आणि यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरला. फरक १० अंशांवर आला.

हे काम घरी करण्याचे नव्हे. आर-३२ काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे ६७५ पट पृथ्वी तापवतो. म्हणून गळती न काढता गॅस भरणे हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न नाही. आपण फक्त विचारायचे : गळती कोठे आहे? फेस लावून पाहिलात का? आतली हवा ओढून काढणार का? गॅस तोलून भरणार का?

असो. त्या रात्री आजोबा आडवे झोपले. पहाटे त्यांनी हाक मारली, ती एसी जरा कमी कर म्हणून.