तळ्यातला कोई टाकीत आणण्याआधी

 भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईकडच्या शेततळ्यांत रोहू, कटलासोबत सायप्रिनसही सोडतात. कोई हा त्याच सायप्रिनसचा रंगीत भाऊ, म्हणून एकाचा रोग दुसऱ्याला सहज जडतो. घरच्या टाकीतला कोई तळ्यात सोडताना, किंवा तळ्यातला टाकीत आणताना, मधे चार आठवडे तो वेगळ्या टाकीत ठेवावाच.

सगळ्यात घातक तो कोई हर्पिस विषाणू. पाणी साधारण १६ ते २८ अंशांत असताना तो उचल खातो. थंड पाण्यात मासा ठणठणीत दिसतो आणि फसवतो. म्हणून वेगळ्या टाकीचं पाणी २४ अंशांच्या आसपास राखावं. कल्ले उचलून पाहा: लालभडक हवेत, पांढुरके चट्टे नकोत. या रोगावर औषध नाही, आणि वाचलेला मासाही विषाणू बाळगून राहू शकतो.

माशांच्या उवा मात्र डोळ्यांना दिसतात. अंगाला चिकटलेल्या, पारदर्शक, चपट्या टिकल्या. मासा कडेला अंग घासू लागला की समजावं. त्या रोहू-कटलालाही सोडत नाहीत.

वेगळ्या टाकीची जाळी, बादली वेगळीच ठेवा. तिचं पाणी तळ्यात कधीही ओतू नका.