चिमणी, पांडा आणि एका ओळीतली अन्नसाखळी

गैरसमज: अन्नसाखळी म्हणजे एका ओळीत उभे असलेले खाणारे.

पाठ्यपुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी रांग असते. पाठ करायला सोपी, म्हणून टिकून आहे. प्रत्यक्षात एकच प्राणी दोन-तीन रांगांत उभा असतो, आणि हे विसरलं की काय होतं ते चीनने पाहिलं. १९५८ साली तिथे उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चौघांविरुद्ध मोहीम उघडली गेली. चिमणी दाणे खाते, मग ती शेतकऱ्याची वैरी, एवढाच हिशेब. घरटी मोडली, अंडी फोडली. लोक पातेली आणि ढोल बडवत राहिले, चिमण्यांना कुठे टेकूच देईनात. दमून त्या खाली कोसळत. पण हीच चिमणी पिलांना भरवते ते किडे आणि अळ्या. पक्षितज्ज्ञ झेंग झुओशिन यांनी चिमण्यांची पोटं फाडून आतलं खाद्य तपासलं होतं, त्यातून हेच पुढे आलं. १९६० मध्ये यादीतून चिमणी गेली, तिच्या जागी ढेकूण आला.

गैरसमज: चिमण्या मारल्या म्हणूनच चीनमध्ये दुष्काळ पडला.

ही गोष्ट पर्यावरणावर बोलणाऱ्यांना फार आवडते, कारण ती नीटनेटकी आहे. किडींनी पिकांची हानी केलीच. पण १९५९ ते १९६१ च्या उपासमारीमागे उत्पादनाचे फुगवलेले आकडे, त्यांच्या आधारे झालेली सक्तीची धान्यवसुली आणि शेतातून लोखंडाच्या भट्ट्यांकडे वळवलेले हात ही मोठी कारणं होती. सगळा दोष निसर्गाच्या माथी मारला की माणसांची धोरणं अलगद सुटतात.

गैरसमज: मांसभक्षक गणातला प्राणी मांसच खातो.

पांडा अस्वलांच्या कुळातला, म्हणजे मांसभक्षक गणातलाच. खातो मात्र जवळपास फक्त बांबू. गण ठरतो पूर्वजांवरून, अन्नसाखळीतली जागा ठरते आहारावरून; त्यामुळे पांडा तिथे प्राथमिक भक्षकांत, गाई-हरणांच्या पंगतीत बसतो. आतडं मात्र पूर्वजांसारखं आखूड राहिलं. खाल्लेल्या बांबूचा पाचवा हिस्साही धड पचत नाही, म्हणून दिवसातला निम्मा वेळ त्याचं तोंड चालूच असतं.

गैरसमज: अन्नसाखळी सर्वोच्च भक्षकापाशी संपते.

वाघही मरतोच. पुढचं काम जिवाणू आणि बुरशी करतात.

गैरसमज: झाडं लावली की परिसंस्था सुधारली.

उत्तर चीनमध्ये वाळवंट रोखण्यासाठी १९७८ पासून वृक्षपट्टे उभारले जात आहेत. त्यातल्या बऱ्याच भागांत मैलोन्मैल एकट्या पॉप्लरची लागवड झाली. लांब मिशांच्या, खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला याहून चांगली मेजवानी कोणती? निंगशियात त्याने अशा लागवडी उद्ध्वस्त केल्या. १९९६ मध्ये तोच भुंगेरा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सापडला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो समुद्रापार गेला असावा, असं मानलं जातं. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर वेगळाच पेच आहे. माळढोक पक्ष्याला लांबवर नजर पोहोचेल असं मोकळं गवत लागतं. तिथे दाट झाडी लावली की त्याचा अधिवासच जातो.