तोडलेली मिरचीही श्वास घेते

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. उन्हाळी लागवडीचा तोडा सुरू झाला की इथे गोण्यांच्या थप्प्या लागतात. भावाची चर्चा रोज होते, गोणीच्या आत काय चाललंय याची मात्र होत नाही.

तोडल्यावरही मिरची जिवंत असते. ती श्वसन करत राहते, साठवलेली साखर जाळते आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. गच्च भरलेल्या गोणीत मधोमध हात घातला तर ऊब लागते, ती याचमुळे. या उष्णतेत, आणि माल सुकला की त्याहून लवकर, घटतं ते क जीवनसत्त्व. हंगेरीतल्या सेगेदमध्ये अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी 1930च्या दशकात हे जीवनसत्त्व भरपूर मिळवलं ते मिरचीच्याच जातीतल्या पाप्रिकामधून. त्यांना 1937 साली नोबेल मिळालं. आपल्या शेतात पिकतो तो माल या बाबतीत संत्र्यालाही मागे टाकतो, म्हणून तो वाया जाताना पाहवत नाही.

मग सरळ बर्फात ठेवायची का? नाही. मिरची उष्ण प्रदेशातलं पीक आहे. सात अंशांच्या खाली ती फार दिवस राहिली तर सालीवर खड्डे पडतात, बिया काळवंडतात. तिला 7 ते 10 अंश आणि दमट हवा मानवते. मेथी-पालकाला मात्र शून्याच्या जवळपासची थंडी हवी. या पालेभाज्या उघड्यावर कोमेजल्या की त्यांचं क जीवनसत्त्व दोन-तीन दिवसांत निम्म्यावर येऊ शकतं.

शीतगृह परवडत नसेल, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980च्या दशकात विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधता येतो. विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू, वर गवताचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वीज लागत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी उतरतं. जालन्यासारख्या जिल्ह्यासाठी मला हा उपाय सर्वांत व्यवहार्य वाटतो.

पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हा कक्ष फारसा गार होत नाही. त्या दिवसांत तोडा पहाटे उरकावा, देठ मिरचीलाच राहू द्यावा, ओला माल गोणीत भरू नये आणि गाडी येईपर्यंत ढीग सावलीत पातळ पसरून ठेवावा.