विश्लेषण : केबिनचा हीटर तोडल्याने डिझेल खरेच वाचते का?

डिझेल गाडीतील जादा केबिन हीटरची जोडणी काढून टाका, इंधन वाचेल, असा सल्ला थंड प्रदेशातील चालक एकमेकांना देतात. तो मुंबईत लागू पडतो का? आणि साकीनाक्याच्या कोंडीत अडकणाऱ्या टेम्पोचे डिझेल नेमके जाते कुठे?

हा हीटर कशासाठी असतो?

नेहमीचा हीटर इंजिनाच्या कूलंटमधील वाया जाणारी उष्णता केबिनमध्ये सोडतो. त्यासाठी वेगळे डिझेल जळत नाही. फक्त पंख्याला थोडी वीज लागते. मात्र डिझेल इंजिन इंधनाचा वापर अधिक कार्यक्षमतेने करते, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते आणि कडाक्याच्या थंडीत ते लवकर तापत नाही. म्हणून काही गाड्यांत पूरक हीटर बसवतात. त्यातील एक प्रकार विजेवर चालतो. दुसऱ्या प्रकारात छोटा पंप टाकीतून डिझेल खेचतो आणि ते स्वतंत्र बर्नरमध्ये जाळून कूलंट किंवा हवा गरम केली जाते.

तो किती डिझेल खातो?

पाच किलोवॉटचा हीटर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला सुमारे ०.६ लिटर डिझेल लागते. म्हणजे अर्ध्या तासाला ०.३ लिटर. डिझेलचा दर ९० रुपये धरला, तर २७ रुपये. पण तो सतत पूर्ण क्षमतेने चालत नाही. शिवाय कूलंट गरम करणाऱ्या हीटरमुळे इंजिन लवकर तापते आणि थंड इंजिनाचा जादा खर्च थोडा कमी होतो. त्यामुळे प्रत्यक्ष बचत या आकड्याहून कमीच असते.

मुंबईत फायदा किती?

जवळपास शून्य. इंजिनाला पूरक म्हणून बसवलेला हीटर साधारणपणे बाहेर कडक थंडी असेल तरच आपोआप सुरू होतो. साकीनाक्यापासून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही २२ जानेवारी १९६२चे. जो हीटर इथे चालतच नाही, तो काढून डिझेल वाचणार कसे? लेह किंवा मनालीला गाडी नेणाऱ्यांना मात्र तो लागेल.

जोडणी तोडण्यात धोका काय?

कूलंट किंवा डिझेलची नळी चुकीची काढली, तर गळती, इंजिन तापणे, प्रसंगी आग लागण्याचा धोका असतो. वायर कापल्यास डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागू शकतो आणि वॉरंटीचा प्रश्न निर्माण होतो. हीटर नकोच असेल, तर गाडीत त्यासाठी स्विच किंवा सेटिंग आहे का ते पाहावे; नसेल तर अधिकृत कार्यशाळेतून बंद करून घ्यावा. डिझेल जाळणारा हीटर बंद गॅरेजमध्ये कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

मग एसी बंद ठेवावा का?

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे डिझेल जास्त लागते हे खरे. पण काही मालक चालकाला एसी लावू देत नाहीत किंवा त्याची जोडणीच काढतात, तेव्हा वाचलेल्या पैशांची किंमत चालक मोजतो. तापलेल्या केबिनमध्ये थकवा वाढतो, लक्ष विचलित होते. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक करण्यात आला आहे. पावसाळ्यात काचेवरील वाफ घालवण्यासाठीही एसी लागतोच.

डिझेल वाचते कशाने?

अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता मिळतात त्या नाक्यावर गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते. छोटे डिझेल इंजिन नुसते सुरू ठेवले, तरी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल जाते. रोजचा एक तास धरला, तर ९० रुपये दराने ४५ ते ९० रुपये, तेही एक किलोमीटर न जाता. गाडी मिनिटभराहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर इंजिन बंद करावे. माल चढवता-उतरवतानाही हेच करावे. टायरमधील हवा आणि एअर फिल्टर वेळच्या वेळी तपासावा. यात काही तोडावे लागत नाही आणि बचत बाराही महिने होते.