सापडले, पण ओळख पटेना : आकाशातील कठोर क्ष-किरणांचे उगम

आकाशात नवे काही सापडले अशी बातमी आली, की ते काय आहे हेही शास्त्रज्ञांना कळले असा आपला सर्वसाधारण समज होतो. क्ष-किरणांच्या, त्यातही कठोर क्ष-किरणांच्या राज्यात मात्र शोध लागणे ही एक गोष्ट आणि ओळख पटणे ही अगदी दुसरी. या दोहोंमध्ये कधी आठवडे जातात, कधी वर्षे, आणि कधी ओळख पटतच नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या मधल्या अंतराविषयी.

प्रथम ‘कठोर’ म्हणजे काय ते पाहू. प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापाने मोजतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ती दोन-तीन असते. क्ष-किरणांत हजारांनी मोजावी लागते. सुमारे दहा हजारांच्या खालचे ते मृदू आणि त्यावरचे, लाख-दोन लाखांपर्यंतचे, ते कठोर, अशी ढोबळ वाटणी आहे. दवाखान्यात छातीचे चित्र काढतात ते बहुतांशी कठोर किरणांनीच. ते जसे मांसातून आरपार जातात, तसे आकाशातील कठोर किरण वायूच्या व धुळीच्या जाड थरांतून बाहेर पडतात. मृदू किरण आणि साधा प्रकाश तेथेच अडकून राहतो. जी ज्योती स्वतःच्याच वायूत बुडालेली आहे, तिची चाहूल या कठोर किरणांनी लागते.

पृथ्वीचे वातावरण हे किरण जमिनीपर्यंत येऊ देत नाही. आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने ते बरेच आहे, पण निरीक्षकाला वर जावे लागते. जून १९६२ मध्ये रिकार्डो जॅकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अग्निबाण सोडला. काही मिनिटांच्या त्या उड्डाणात वृश्चिकेच्या दिशेने क्ष-किरणांचा प्रखर झोत येत असल्याचे दिसले. पण नेमका कोणता तारा? ते कळावयास चार वर्षे लागली. जपानी शास्त्रज्ञ मिनोरू ओडा यांच्या युक्तीचे उपकरण १९६६ साली अग्निबाणातून वर गेले, दिशा एक-दोन कलांपर्यंत निश्चित झाली, आणि मग टोकियो व पालोमार येथील दुर्बिणींनी तेराव्या प्रतीचा एक निळसर तारा दाखवून दिला. तो जुन्या छायाचित्रांत कितीतरी वर्षे निमूटपणे बसलेला होता!

वृषभेतील क्रॅब तेजोमेघाची ओळख तर चंद्राने पटवली. जुलै १९६४ मध्ये चंद्र त्या तेजोमेघावरून सरकत असताना अग्निबाण सोडण्यात आला. क्ष-किरण एकदम न विझता हळूहळू मंदावत गेले. अर्थात उगम ताऱ्यासारखा बिंदुमात्र नसून पसरलेला होता. त्याच महिन्यात अमेरिकेत बलूनमधून क्रॅबचे कठोर किरणही टिपले गेले, कारण हे किरण बलूनच्या उंचीपर्यंत खाली पोचतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही १९६८ पासून हैदराबादेहून बलून सोडून असे वेध घेतले.

आता प्रश्न येतो चित्र घेण्याचा. कठोर किरण भिंगाने एकत्र आणता येत नाहीत. आरशांनी आणणे अतिशय कठीण, आणि तसा आरसा आकाशाचा अगदी लहान तुकडाच पाहतो. मोठे आकाश धुंडाळावयाचे तर सावलीचा आश्रय घ्यावा लागतो. जुन्या वाड्याच्या जाळीदार खिडकीतून उन्हाची नक्षी जमिनीवर पडते. सूर्य सरकतो तशी ती सरकते. नक्षी कोठे पडली यावरून, मान वर न करता, सूर्याची जागा सांगता येते. युरोपच्या ‘इंटिग्रल’ उपग्रहावर टंगस्टनची अशीच जाळी शोधकापासून ३·२ मीटर वर बसवली होती. एकाच वेळी अनेक उगमांच्या नक्षी एकमेकींवर पडतात. त्या गणिताने सोडवाव्या लागतात. २०१५ साली श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’मधील एका उपकरणातही हीच युक्ती आहे.

मात्र जाळीने सांगितलेली जागा एखाद-दोन, कधी चार कलांनी संदिग्ध असते. पूर्ण चंद्राची रुंदी एकतीस कलांच्या आसपास. तेव्हा हे वर्तुळ लहान वाटेल. पण आकाशगंगेच्या पट्ट्यात एवढ्याशा जागेतही मंद ताऱ्यांची खच्चून गर्दी असते. त्यातला खरा कोण?

२९ जानेवारी २००३ रोजी इंटिग्रलला वृश्चिकेच्या शेपटीच्या दक्षिणेस एक नवा उगम दिसला. त्याला नाव मिळाले आयजीआर जे१६३१८-४८४८. नाव म्हणजे निव्वळ पत्ता : विषुवांश १६ तास ३१·८ मिनिटे, दक्षिण क्रांती ४८ अंश ४८ कला. घराचा क्रमांक लिहिला, पण आत कोण राहते ते ठाऊक नाही, असाच हा प्रकार. थोड्याच दिवसांत ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दुसऱ्या उपग्रहाने जागा काही विकलांपर्यंत आणली. मृदू किरण जवळजवळ नाहीतच, आणि लोखंडाच्या अणूंची ठळक रेषा मात्र आहे, असे त्यात आढळले. म्हणजे उगमाभोवती वायूचे जाड पांघरूण होते. जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाच्या १९९४ मधील नोंदी उलगडल्या, तर हा उगम तेथेही निघाला. अखेर चिलीतील दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात पाहिल्यावर, सूर्याहून कितीतरी जड असा एक तप्त महातारा दिसला. त्याच्या दाट वाऱ्यात एक लहानसा, अतिघन सोबती फिरत आहे. तो वाऱ्यातील द्रव्य ओढून घेतो आणि त्यातून हे किरण निघतात. सोबती न्यूट्रॉन तारा असावा, असा पुष्कळांचा कल आहे.

ओळखीचा खरा पुरावा वर्णपटात असतो. रेषा तांबड्याकडे बऱ्याच सरकलेल्या असतील, तर उगम दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवर ठरतो. हायड्रोजन-हेलियमच्या तेजस्वी रेषा जागच्या जागी असतील, तर तो आपल्याच आकाशगंगेतला जोडतारा. वर्तुळातला सर्वांत ठळक तारा उचलून त्याच्या गळ्यात नाव अडकवण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे आमचे मत आहे. कारण यावर मोठा हिशेब अवलंबून आहे. सगळ्या आकाशात कठोर क्ष-किरणांची एक मंद प्रभा पसरलेली आहे, आणि ती असंख्य दूरच्या कृष्णविवरांची बेरीज आहे. त्यांतली धुळीआड दडलेली किती, हे ओळख चुकली की चुकते.

‘स्विफ्ट’ उपग्रहाच्या १०५ महिन्यांच्या यादीत १६३२ उगम आहेत, त्यांतले बहुसंख्य अशा दीर्घिकांचे. इंटिग्रलच्या २०१६ च्या यादीत ९३९ उगम होते, आणि त्या वेळी दोनशेंहून अधिकांसमोर केवळ पत्ता होता. इंटिग्रलचे वेध २८ फेब्रुवारी २०२५ रोजी थांबले. त्याच्या दोन तपांच्या नोंदी मात्र शाबूत आहेत आणि त्या कोणालाही उघडून पाहता येतात.